कामराज : मतपेटी आणि शाळेचा पट

दरवर्षी १५ जुलै रोजी तमिळनाडूतील शाळांमध्ये शिक्षण विकास दिन साजरा होतो. हा दिवस कोणा कुलगुरूचा, पंडिताचा किंवा नामवंत शिक्षकाचा जन्मदिवस नाही. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ज्यांची शाळा कायमची सुटली आणि जे कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजू लागले, त्या कुमारस्वामी कामराज यांचा तो जन्मदिवस होय. साडेनऊ वर्षे ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दोन पंतप्रधानांच्या निवडीत त्यांचा शब्द निर्णायक ठरला. राजकीय इतिहासात त्यांचे नाव प्रामुख्याने या शेवटच्या गोष्टीसाठी घेतले जाते. परंतु त्यांच्या चरित्राचा कणा दिल्लीत सापडत नाही. तो सापडतो त्यांच्या निवडणुकांच्या नोंदीत आणि त्यांच्या कारकिर्दीत उघडलेल्या शाळांच्या पटात. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे लोकांनी दिलेल्या सत्तेचा हिशेब कसा द्यावा आणि लोकांनी ती परत घेतली तर कसे वागावे, याचा एक स्वच्छ वस्तुपाठ समोर येतो.

मूठभर तांदळाची शाळा

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुदुपट्टी या व्यापारी गावात झाला. हेच गाव पुढे विरुदुनगर म्हणून ओळखले जाऊ लागले. वडील कुमारस्वामी नाडार नारळाचे व्यापारी होते. आई शिवकामी अम्माळ. कुलदेवतेवरून मुलाचे नाव कामाक्षी ठेवण्यात आले होते. आई लाडाने राजा म्हणे आणि पुढे या दोहोंच्या मिलाफातून कामराज हे नाव रूढ झाले.

ज्या नाडार समाजात त्यांचा जन्म झाला, त्या समाजाला त्या काळी अनेक देवळांत प्रवेश नव्हता. व्यापाराने थोडी सुबत्ता आली तरी मान मिळत नव्हता. हा अपमान पुसण्याचा मार्ग शिक्षणातून जातो, हे त्या समाजातील जाणत्यांनी ओळखले आणि विरुदुनगरात क्षत्रिय विद्याशाला ही शाळा उभी केली. घरोघरच्या गृहिणींनी रोजच्या शिजवणातला मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायचा, तो गोळा करायचा आणि त्या पैशातून शाळा चालवायची, अशी तिची रीत होती. कामराज काही वर्षे याच शाळेत शिकले. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने दागिने विकून घर सावरले. पण मुलाचे शिक्षण फार काळ चालवणे शक्य झाले नाही. मामाच्या कापडाच्या दुकानात तो बसू लागला. दुकानात येणारी वर्तमानपत्रे आणि गावात होणारी व्याख्याने हीच त्याची पुढची शाळा झाली.

शाळा सोडावी लागल्याची बोच कामराज यांनी कधी भाषणांतून उगाळली नाही. मात्र मूठभर तांदळावर चाललेली शाळा ते विसरले नाहीत, हे त्यांच्या पुढील कारभारावरून दिसते.

जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर हा तरुण काँग्रेसकडे ओढला गेला. मुलाला संसारात गुंतवावे म्हणून घरच्यांनी त्याला तिरुवनंतपुरमला दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीवर पाठवले, तर तिथून तो वैकोमच्या सत्याग्रहात जाऊन पोहोचला. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून सर्व जातींच्या लोकांना चालता यावे, यासाठी तो लढा होता. लग्नाचा विषय कामराज यांनी कायमचा बाजूला सारला आणि अविवाहित राहिले. १९३० साली राजाजींच्या नेतृत्वाखाली वेदारण्यम येथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्यात त्यांना शिक्षा झाली आणि कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगात ठेवण्यात आले. त्यानंतरच्या आयुष्यातील मिळून आठएक वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली.

पहिली निवड आणि नाकारलेली खुर्ची

१९३७ साली प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. मद्रास विधानसभेसाठी सात्तूर भागातून कामराज यांनी अर्ज भरला आणि ते बिनविरोध निवडून आले. त्या वेळी त्यांचे वय चौतीसच्या आत होते. तेव्हा मताधिकार मालमत्तेशी व कराशी बांधलेला होता. मोठमोठे जमीनदार आणि वकील विधिमंडळात बसत. अशा सभागृहात शिक्षण अर्धवट राहिलेला, इंग्रजीत सफाईने न बोलणारा एक खादीधारी कार्यकर्ता येऊन बसला. सभागृहात त्यांनी मोठी भाषणे केली नाहीत. त्यांचे बळ गावोगावच्या ओळखीत होते. कोणत्या तालुक्यात कोण कार्यकर्ता आहे, त्याची अडचण काय आहे, कोणत्या विहिरीचे पाणी आटले आहे, हे त्यांना टिपणाशिवाय ठाऊक असे. त्यांना राजकारणात हाताला धरून पुढे आणणारे नेते एस. सत्यमूर्ती हे उत्तम वक्ते होते. शिष्याने गुरूचे वक्तृत्व घेतले नाही. निष्ठा तेवढी घेतली.

१९४० साली सत्यमूर्तींच्या पाठिंब्याने कामराज तमिळनाडू काँग्रेसचे अध्यक्ष झाले. वैयक्तिक सत्याग्रहासाठी निवडलेल्या सत्याग्रहींच्या यादीला गांधीजींची संमती घेण्याकरिता ते त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्याला निघाले होते. वाटेत गुंटूर येथे त्यांना अटक झाली आणि वेल्लोरच्या तुरुंगात टाकण्यात आले. ते तुरुंगात असतानाच विरुदुनगरच्या नगरपालिकेने त्यांना नगराध्यक्ष निवडले. १९४१ च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर कामराज गावी गेले, नगराध्यक्षाच्या आसनावर बसले आणि लगेच राजीनामा देऊन उठले. ज्या पदाला आपण पुरता वेळ देऊ शकत नाही, ते पद अडवून बसू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गावाने दिलेला मान त्यांनी स्वीकारला आणि काम करू शकणाऱ्यासाठी जागा मोकळी केली. हा प्रसंग लहान खरा. पण पुढे बावीस वर्षांनी याहून फार मोठी खुर्ची त्यांनी अशीच सोडली.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनाला हजर होते. परतताना पोलिसांना चुकवून ते मधल्याच स्थानकावर उतरले, गावोगाव आंदोलनाचा निरोप पोहोचवला आणि काम पुरे झाल्यावर स्वतःहून अटक करवून घेतली. या वेळचा तुरुंगवास तीन वर्षांचा होता आणि त्यातील मोठा काळ विदर्भातील अमरावतीच्या तुरुंगात गेला. १९४५ च्या जून महिन्यात ते सुटले. तोवर सत्यमूर्ती निवर्तले होते. १९४६ च्या निवडणुकीत कामराज पुन्हा मद्रास विधानसभेवर निवडून आले. संविधान सभेचेही ते सदस्य झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत श्रीविल्लिपुत्तूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठवले.

गुडियात्तमची कसोटी

त्या निवडणुकीत मद्रास राज्यात काँग्रेसला बहुमत मिळाले नव्हते. ३७५ पैकी १५२ जागा हाती आलेल्या पक्षाने वयोवृद्ध राजाजींना मुख्यमंत्रिपदासाठी पाचारण केले. राजाजी थेट निवडणूक न लढवता राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेत आले आणि आपल्या अलौकिक बुद्धिचातुर्याने त्यांनी सरकार स्थिरही केले. १९५३ साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना ग्रामीण भागात लागू केली. मुलांनी दिवसातले तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायाचे काम शिकावे, असे तिचे स्वरूप होते. शिक्षक थोडे, पैसा अपुरा आणि शाळेबाहेरची मुले अफाट. अशा स्थितीत त्याच इमारतीत दोन पाळ्यांत अधिक मुले बसवता येतील, हा त्यामागचा हिशेब होता. पण कुंभाराच्या मुलाने मडकी घडवावीत आणि परटाच्या मुलाने कपडे धुवावेत, असाच अर्थ लोकांनी त्यातून काढला. जातीची चौकट शाळेतूनच घट्ट होणार, या भीतीने राज्यभर विरोध पेटला. त्यातच १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य वेगळे झाले आणि विधानसभेतले गणित बदलले.

१९५४ च्या मार्चअखेर राजाजी बाजूला झाले. विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदासाठी कामराज आणि राजाजींच्या गटाचे सी. सुब्रह्मण्यम यांच्यात लढत होऊन कामराज ९३ विरुद्ध ४१ मतांनी विजयी झाले. १३ एप्रिल १९५४ रोजी, तमिळ नववर्षाच्या दिवशी, त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मंत्रिमंडळ अवघे आठ जणांचे होते. पराभूत प्रतिस्पर्धी सुब्रह्मण्यम आणि त्यांचे नाव सुचवणारे एम. भक्तवत्सलम या दोघांनाही कामराज यांनी त्यात सन्मानाने घेतले. शिक्षण आणि अर्थ ही महत्त्वाची खाती सुब्रह्मण्यम यांच्याकडे सोपवली. देवस्थानांचे खाते त्यांनी एका दलित मंत्र्याकडे दिले. वैकोमच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या तरुणाला तीस वर्षांनी मिळालेली ही संधी होती. त्याने ती गाजावाजा न करता वापरली.

मुख्यमंत्री झाले तेव्हा कामराज विधानसभेचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांच्या आत सदस्य होणे आवश्यक होते. विधान परिषदेचा सुरक्षित मार्ग समोर होता आणि त्यांच्या आधीच्या मुख्यमंत्र्यांनी तोच पत्करला होता. कामराज यांनी पोटनिवडणुकीचा मार्ग निवडला आणि तीही आपल्या जिल्ह्यात नव्हे, तर दूर उत्तरेकडील उत्तर अर्काट जिल्ह्यातील गुडियात्तम येथून. ज्या नेत्याने थेट लोकांकडून मत घेतलेले नाही, त्याने लोकांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी निर्णय घेऊ नये, असे जणू या कृतीतून सूचित झाले. पेरियार रामस्वामी यांच्यासारखे काँग्रेसचे कडवे विरोधकही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. द्रविड मुन्नेत्र कळघमने त्यांना विरोध केला नाही. कम्युनिस्ट उमेदवाराचा मोठ्या फरकाने पराभव करून कामराज विधानसभेत आले. मे महिन्यातच राजाजींची शिक्षण योजना रद्द झाली होती आणि खेड्यातली मुले पुन्हा पूर्ण वेळ शाळेत बसू लागली होती.

पटावरची नावे

योजना रद्द करणे सोपे होते. शिक्षक थोडे आणि पैसा अपुरा, हा राजाजींचा प्रश्न मात्र जागच्या जागी होता. कामराज सरकारने त्याचे उत्तर शोधण्यास प्रारंभ केला. लहान खेड्यांतही प्राथमिक शाळा असावी, मुलाला फार तर मैलभर चालावे लागावे आणि माध्यमिक शाळा पाचएक मैलांच्या आत असावी, असे धोरण आखले गेले. एका शिक्षकावर चालणाऱ्या शाळा उघडून गावोगावच्या शिकलेल्या बेकार तरुणांना तिथे नेमण्यात आले. खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांसाठी निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा असा तिहेरी लाभ १९५५ साली सुरू झाला. म्हातारपणाची ददात असलेला शिक्षक वर्गात मन लावून शिकवू शकत नाही, ही साधी गोष्ट त्यामागे होती.

तरीही मुले येईनात. तमिळ मुलखात एक गोष्ट घरोघर सांगितली जाते. दौऱ्यावर असताना रेल्वेच्या फाटकाजवळ मुख्यमंत्र्यांची मोटार थांबली. शेजारी एक मुलगा गुरे राखत होता. शाळेत का जात नाहीस, असे कामराज यांनी विचारले, तेव्हा शाळेत गेलो तर जेवायला कोण घालणार, असा त्याने उलट प्रश्न केला. गोष्ट शब्दशः अशीच घडली असो वा नसो, प्रश्न खरा होता. गरीब घरात मुलाचे दोन हात म्हणजे एका वेळच्या अन्नाची सोय. ते हात शाळेत पाटी धरून बसले, तर त्या अन्नाची भरपाई कोणी करायची?

भरपाई शाळेनेच करावी, असे कामराज यांनी ठरवले. शाळेत जेवण देण्याची कल्पना मद्रासला नवी नव्हती. १९२० च्या सुमारास तिथल्या महापालिकेने आपल्या काही शाळांतून ती राबवली होती. ती सबंध राज्याच्या खेड्यापाड्यांत नेणे हे मात्र अशक्यप्राय मानले जाई. तिजोरीत पैसा नाही, असे सांगितले गेले. तेव्हा शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्या साहाय्याने कामराज यांनी आपल्या बालपणीच्या शाळेची रीत राज्याला लावली. कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या जन्मगावी, एट्टयपुरम येथे, या कामाचा आरंभ झाला. गावकऱ्यांनी समित्या नेमल्या. कोणी तांदूळ दिला, कोणी डाळ, कोणी सरपण, कोणी भांडी. सुगीच्या दिवसांत धान्य गोळा होऊ लागले. गरज पडल्यास या कामासाठी आपण दारोदार भिक्षा मागू, अशी कामराज यांची भाषा होती. लोकांची वर्गणी किती काळ पुरणार, हे ओळखून पुढे सरकारने खर्चातला मोठा वाटा उचलला. १९६१ पासून केअर या संस्थेकडून दुधाची भुकटी आणि अन्य पदार्थही मिळू लागले.

१९५८ पासून शाळा सुधारणा परिषदा भरू लागल्या. चेंगलपट्टू जिल्ह्यातील कडंबत्तूर येथे पहिली परिषद झाली. त्या परिसरातील लोक एकत्र जमत आणि आपल्या शाळेला काय कमी आहे याची यादी करून ती भरून काढत. फळा, बाके, घड्याळ, नकाशे, विहीर, कुंपण, शाळेसाठी जमिनीचा तुकडा, मुलांसाठी कपडे असे देणगीचे नाना प्रकार असत. गणवेशाची योजनाही त्याच काळात आली. फाटक्या कपड्यातले मूल आणि धडक्या कपड्यातले मूल वर्गात शेजारी बसले, की पहिले मूल आपोआप मागच्या बाकावर सरकते. सर्वांचे कपडे सारखे असले तर ते सरकणार नाही, हा त्यामागचा विचार होता. शुल्कमाफीची मर्यादा टप्प्याटप्प्याने माध्यमिक शाळेपर्यंत वाढवण्यात आली.

या काळात वैगै, मणिमुत्तार, सात्तनूर, अमरावती अशी धरणे झाली. केरळशी समझोता करून परंबिकुलम–आळियार योजना आकाराला आली. उद्योगमंत्री आर. वेंकटरामन यांच्या साहाय्याने गिंडीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. नेयवेलीचा लिग्नाइट प्रकल्प, पेरंबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना, तिरुचिरापल्लीचा अवजड विद्युत कारखाना ही केंद्राची कामे मद्रासच्या भूमीवर यावीत यासाठी कामराज यांनी वजन खर्च केले. तथापि तमिळ माणसाच्या मनात त्यांचे नाव प्रथम शाळेशी आणि तिथल्या दुपारच्या भाताशी जोडले गेले आहे.

मतदारांनीही याची पोच दिली. १९५७ साली कामराज आपल्या जुन्या सात्तूर मतदारसंघातून निवडून आले आणि काँग्रेसला २०५ पैकी १५१ जागा मिळाल्या. १९६२ साली सात्तूरनेच त्यांना पुन्हा पाठवले. पक्षाला २०६ पैकी १३९ जागा मिळाल्या. मात्र या दुसऱ्या निकालात एक इशारा दडलेला होता. द्रविड मुन्नेत्र कळघमचे नेते अण्णादुराई स्वतः पराभूत झाले असले, तरी त्यांचा पक्ष पन्नास जागांपर्यंत पोहोचला होता. तरुण मतदार त्यांच्याकडे वळत होता.

हा बदल कामराज यांनी ओळखला. सत्तेच्या खुर्च्यांवर बसून पक्ष सुस्तावला आहे, ज्येष्ठांनी पदे सोडून लोकांत परत गेले पाहिजे, असा प्रस्ताव त्यांनी पंडित नेहरूंपुढे मांडला. हीच कामराज योजना. तिच्यानुसार सहा मुख्यमंत्री आणि सहा केंद्रीय मंत्री पायउतार झाले. त्यांत मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम आणि मुंबईचे स. का. पाटील होते. योजनेच्या कर्त्याने स्वतःला वगळले नाही. २ ऑक्टोबर १९६३ रोजी कामराज यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. विरुदुनगरच्या नगराध्यक्षपदाचीच ही मोठी आवृत्ती होती. या योजनेचा पक्षाला किती लाभ झाला, याविषयी मतभेद आहेत. त्यांच्या जाण्याने मद्रास राज्याचे नुकसान झाले, असे मानणारे मात्र तेथे आजही पुष्कळ आहेत.

१२८५ मते

काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून कामराज दिल्लीत गेले. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली शास्त्रीजींची आणि शास्त्रीजींच्या निधनानंतर १९६६ साली इंदिरा गांधींची निवड त्यांच्या देखरेखीखाली झाली. स्वतः पंतप्रधान होण्याची शक्यता त्यांच्या नावाभोवतीही घोटाळत होती. पण हिंदी आणि इंग्रजी या भाषांवर पुरेसे प्रभुत्व नसलेल्या माणसाने ती अपेक्षा धरू नये, असे मानून त्यांनी ती दूर ठेवली.

दरम्यान घरचा प्रदेश बदलत होता. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघराज्याची एकमेव राजभाषा होणार, या शंकेने मद्रास राज्यात विद्यार्थ्यांचे प्रचंड आंदोलन उसळले. गोळीबार झाले, तरुण मुले मेली. कामराज स्वतः हिंदी लादण्याच्या बाजूचे नव्हते; परंतु केंद्रात आणि राज्यात सत्ता त्यांच्याच पक्षाची होती. पाठोपाठ धान्याची टंचाई आली. रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे आश्वासन घेऊन द्रविड मुन्नेत्र कळघम निवडणुकीला उभा राहिला. आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढीचे शालेय वय कामराज यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात गेले होते. शाळेने त्यांना वाचायला शिकवले होते, तसेच प्रश्न विचारायलाही. तो प्रश्न आता शाळा देणाऱ्याच्या पक्षालाच विचारला जात होता.

१९६७ साली कामराज आपल्या जन्मगावातून, विरुदुनगरमधून, विधानसभेसाठी उभे राहिले. समोर द्रविड मुन्नेत्र कळघमचे पी. श्रीनिवासन होते. भाषा आंदोलनातून पुढे आलेला हा एक तरुण विद्यार्थी नेता. प्रचाराच्या काळातच मोटार अपघातात जखमी झाल्यामुळे कामराज यांना मतदारसंघात फारसे फिरता आले नाही. निकाल लागला तेव्हा ते १२८५ मतांनी पराभूत झाले होते. ज्या गावाने तुरुंगातल्या कामराजला नगराध्यक्ष केले, त्याच गावाने काँग्रेसच्या अखिल भारतीय अध्यक्षाला नाकारले. मुख्यमंत्री भक्तवत्सलम हेही हरले. सत्ता अण्णादुराईंकडे गेली. विजयी नेत्यालाही कामराज यांच्या पराभवाचे वाईट वाटले, असे सांगितले जाते. हा धक्का एकट्या मद्रासपुरता नव्हता. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवले आणि बंगालमध्ये अतुल्य घोष पडले.

पराभूत नेत्याची परीक्षा निकालानंतर सुरू होते. कामराज यांनी मतदारांना दूषण दिले नाही, की निवडून आलेल्या तरुणाला कमी लेखले नाही. लोकांनी कौल दिला आहे, नव्या सरकारला काम करू द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. लोकशाही म्हणजे हेच, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना ती आपल्यालाच मत देतील, अशी अट त्यांनी घातली नव्हती. शाळा हे ऋण म्हणून दिले जात नाही, ही गोष्ट त्या पराभवाने सिद्ध केली. कामराज यांच्या चरित्रातला हा सर्वांत दुःखद आणि तितकाच उजळ क्षण आहे.

नागरकोइल आणि अखेर

दोन वर्षांनी, १९६९ च्या जानेवारीत, नागरकोइल मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. विधानसभेतल्या पराभवाची जखम ताजी असताना कामराज पुन्हा मतदारांपुढे गेले. सत्तारूढ पक्षाचे बळ विरोधात असूनही ते मोठ्या मताधिक्याने विजयी झाले. त्याच वर्षी काँग्रेस दुभंगली आणि ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९७१ च्या निवडणुकीत त्या पक्षाची सर्वत्र वाताहत झाली. सबंध तमिळनाडूतून त्या पक्षाचा एकच उमेदवार लोकसभेवर निवडून आला आणि तो म्हणजे नागरकोइलचे कामराज. १९३७ पासूनचा हिशेब मांडला, तर विधानसभेच्या पाच आणि लोकसभेच्या तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या आणि एक गमावली. त्यांच्या चाहत्यांना विजयांची यादी सहसा आठवत नाही. तो एक पराभव मात्र प्रत्येकाला आठवतो.

त्यांच्या साधेपणाच्या कथा पुष्कळ आहेत. मुख्यमंत्री असताना आई विरुदुनगरच्या जुन्या घरातच राहत होती आणि तिला खर्चाला ठरावीक रक्कम जात असे. नगरपालिकेने तिच्या घरात स्वतंत्र नळ दिला, तेव्हा इतरांना न मिळणारी सोय आपल्या घराला नको म्हणून त्यांनी तो काढायला लावला, अशी आठवण तिथले लोक सांगतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, मद्रासमधील त्यांच्या राहत्या घरी कामराज यांचे निधन झाले. ते घरही भाड्याचे होते. मागे राहिले ते थोडे कपडे, काही पुस्तके आणि शंभर-सव्वाशे रुपये, असे सांगितले जाते. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यांच्या एट्टयपुरमच्या प्रयोगाचे आयुष्य मात्र त्यांच्या आयुष्याहून लांब निघाले. १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत त्याचा मोठा विस्तार केला. हे रामचंद्रन एकेकाळी कामराज यांच्या विरोधी पक्षाचे प्रमुख प्रचारक होते. ज्या पक्षाने कामराज यांचा पराभव केला, त्याने आणि त्याच्यातून निघालेल्या पक्षानेही शाळेतले जेवण बंद केले नाही, उलट वाढवले. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण योजना सुरू केली आणि पुढे देशभर शाळेच्या आवारात चुली पेटल्या. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी शिजणाऱ्या खिचडीचा वासही, दूरच्या नात्याने का होईना, त्या मूठभर तांदळाशी जोडलेला आहे.

कोणत्याही शाळेच्या साठ वर्षांच्या दप्तरात हजारो नावे असतात. त्यांतली काही थोर होतात, बहुतेक आपापल्या घरी-दारी चांगले जीवन जगतात आणि काही नावांपुढे मध्येच शाळा सोडल्याचा शेरा असतो. विरुदुनगरच्या क्षत्रिय विद्याशालेच्या जुन्या पटावर कामराज यांचे नाव अशा शाळा सोडलेल्या मुलांतच मोडते. त्या शाळेने त्यांना पदवी दिली नाही, शालान्त प्रमाणपत्रही दिले नाही. मात्र गावातल्या बायकांनी रोज एक मूठ तांदूळ काढून ठेवला तर शाळा चालते, एवढे त्यांना तिथे शिकायला मिळाले. सबंध राज्य चालवताना त्यांना तेवढे शिक्षण पुरले.